कावळ्याचा नियम

रत्नागिरीत बसून हापूसला ‘नको’ म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं मी चारचौघांत म्हणत असे. तो आमच्याच घरात जन्मलेला निघाला. वय वर्षं चार, वजन साडेपंधरा किलो, नात्याने नातू. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आईबरोबर पुण्याहून आला. मी अढीतला पहिला तयार आंबा काढला, देठाशी हुंगला, तासभर पाण्यात ठेवला, साल काढून एकसारख्या फोडी केल्या आणि बशी त्याच्यासमोर धरली. त्याने आधी बशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एखाद्या प्रामाणिक तलाठ्याने पाकिटाकडे पाहावं तसं. आणि म्हणाला, ‘‘हे गिळगिळीत आहे.’’

बातमी दुपारपर्यंत आळीभर झाली. शेजारच्या काकांची शंभरेक कलमं आहेत. त्यांनी ती वैयक्तिक घेतली. ‘‘२०१८ साली मानांकन मिळालंय हापूसला,’’ ते कुंपणापलीकडून म्हणाले. जणू मानांकनाचा कागद दाखवला की पोर तोंड उघडेल.

आता चिरंजीवांचा आहार सांगतो. पांढरा भात, त्यावर तूप चालतं, पण वरणाचा डाग दिसता कामा नये. एकाच कंपनीची एकाच आकाराची बिस्किटं. दूध. आणि केळं, तेही अखंड. सोलताना मोडलं तर ते केळं बाद. दुसरं आणायचं, कारण मोडलेलं केळं हे केळं नसतं. बाकी घावणे, आंबोळी, सांदणं, फणसाची भाजी, कुळथाची पिठी हे सगळं ज्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या रांधलं गेलं, त्यात हा पांढरा कारभार सुरू झाला.

भरवण्याच्या दोन पद्धती घरात होत्या. सूनबाईंची पद्धत अशी: पाण्याच्या तांब्याला मोबाइल टेकवायचा, कार्टून लावायचं, तोंड आपोआप उघडतं, घास आत सारायचा. पद्धत उत्तम, पण आमच्या माजघरात रेंज येते-जाते. पडद्यावर ती चकती गरगर फिरायला लागली की घास गालफडात तिथल्या तिथे थांबायचा. एकदा घास पावणेदोन वाजता आत गेला आणि रेंज सव्वादोनला आली.

आमच्या हिला ते बघवेना. ‘‘आम्ही नाही हो मोबाइल दाखवून पोरं वाढवली,’’ असं म्हणत तिने वाटी ताब्यात घेतली आणि अंगण गाठलं. तो बघ काऊ, ती बघ माऊ, हा घास चिऊचा. मी मनात म्हटलं, हाही मोबाइलच. फक्त चार्जिंग लागत नाही. चिऊ संपली की विहिरीतला बेडूक, बेडूक संपला की काकांची गाय, गाय संपली की फाटकाबाहेरची रिक्षा. एकदा ही वाटी घेऊन निघाली ती मला मांडवीच्या जेट्टीवर सापडली. भात निवून घट्ट झालेला, नातू होड्या मोजतोय आणि ही म्हणतेय, ‘‘आता ती निळी होडी आली की एकच.’’

या सगळ्यात धष्टपुष्ट झाला तो आमच्या आवारातला कावळा. सात घासांतले पाच त्याचे. पुढे पुढे तो घड्याळ लावल्यासारखा साडेबाराला कौलांवर हजर राहू लागला.

सल्ले फुकट होते. पलीकडच्या काकू मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या, ‘‘दृष्ट काढ गो, नजर लागलीय पोराला.’’ कुणी वावडिंग सांगितलं, कुणी जंताचं औषध, कुणी टॉनिक. एकाने ‘‘एक दिवस उपाशी ठेवा, दगड खाईल’’ असा अनुभवाचा बोल सुनावला. मी स्वतः संस्कारांचा मार्ग धरला. टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान दाखवून आणलं आणि येताना शेंगांच्या टरफलांची गोष्ट सांगितली. त्याच दुपारी भात तसाच टाकून तो उठला. ही म्हणाली, ‘‘निदान ताट तरी उचल.’’ तर म्हणतो कसा, ‘‘मी खाल्लं नाही, मी उचलणार नाही.’’ तेव्हापासून मी थोरांच्या गोष्टी बंद केल्या आहेत.

चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला एकच गोष्ट येते. मी जुनी डायरी काढली आणि खातं उघडलं. जमा म्हणजे पोटात गेलेले घास. नावे म्हणजे जमिनीवर, भिंतीवर आणि कावळ्याला. सोमवार दुपार तीन घास, रात्री चक्क अकरा. मंगळवारी सकाळी अख्खं केळं, दुपारी अकरा घास, रात्र शून्य. बुधवारी दुपारी पुन्हा उपास, रात्री भरपाई. आठवड्याने बेरजा मारल्या तर गंमत दिसली. एकेका जेवणाला आकडे उंदरासारखे इकडेतिकडे पळत होते, पण दिवसाची बेरीज जवळपास तीच. मला वाटलं, मी शोध लावला. तो माझ्या आधी अमेरिकेतल्या लीअन बर्च या बाईंनी लावून १९९१ साली छापलाही होता: दोन ते पाच वर्षांची पंधरा मुलं, एका जेवणाला भरपूर, दुसऱ्याला नाममात्र, आणि चोवीस तासांचा हिशेब मात्र बराचसा सारखा. डायरी त्यांच्याकडे माझ्याहून बरी असणार.

ही डायरी घेऊन आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी ती पानं पुढेमागे उलटली आणि आयुष्यात मला एकाही ऑडिटरने विचारला नव्हता असा प्रश्न विचारला. ‘‘आजोबा, यात दूध कुठे आहे?’’

दूध लिहिलंच नव्हतं. दूध काय जेवण असतं? जेवला नाही म्हणून सकाळी एक कप, जेवला नाही म्हणून अकराला एक, जेवला नाही म्हणून झोपताना, आणि ‘रिकाम्या पोटी झोपला हो’ म्हणून झोपेतून उठवून आणखी एक. बेरीज लिटरच्या घरात गेली. मधल्या वेळची बिस्किटं निराळी. ‘‘म्हणजे हा जेवत नाही म्हणून दूध पीत नाही,’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘दूध पितो म्हणून जेवत नाही. पोट भरलंय त्याचं. शिवाय दुधात लोह नसल्यासारखंच. नुसत्या दुधावर पोर वाढवलं तर रक्त कमी होतं.’’

चौतीस वर्षांत माझ्या खात्यात एवढी मोठी रक्कम लिहायची कधी राहून गेली नव्हती.

मग त्यांनी आणखी एक हिशेब समजावला. मुलाचं वजन पहिल्या वाढदिवसापर्यंत जन्माच्या वेळच्या साधारण तिप्पट होतं. त्याच वेगाने ते वाढत राहिलं असतं तर चौथ्या वर्षी पाळण्याऐवजी क्रेन लागली असती. म्हणून पुढे वर्षाला दोनेक किलोच वाढतात, आणि भूकही त्या मानाने आवरती होते. नेमक्या त्याच सुमाराला घरातल्यांना वाटतं की पोर पूर्वीसारखं जेवत नाही. नवीन पदार्थाला भिणं हेही याच वयातलं. तपासून वजन-उंची ठीक असल्याचं त्यांनी सांगितलं आणि चिठ्ठीवर औषधाऐवजी वाटणीपत्र लिहून दिलं. काय, कधी आणि कुठे वाढायचं ते मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, ते मुलाने. ही वाटणी एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंची, जगभर चालते. पण आमची ही एवढ्याने बधणारी नव्हे. ‘‘म्हणजे आम्ही रांधून पुढ्यात ठेवायचं आणि त्याने आवडलं तर खायचं? अहो, हे तर चाळीस वर्षं आमच्या घरात चालूच आहे,’’ असं म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं. (पडवळ. दुसरं काही नाही. मी फक्त पडवळ खात नाही.)

रिकामा माणूस, वाचत गेलो. क्लारा डेव्हिस नावाच्या डॉक्टर बाईंनी शंभर वर्षांपूर्वी अंगावरचं दूध नुकतंच सुटलेल्या बाळांपुढे नाना पदार्थ मांडले आणि नर्सना बजावलं, आग्रह करायचा नाही, भुवईसुद्धा उंचवायची नाही. बाळाने ज्याकडे हात केला तेच भरवायचं. पंधरा मुलं होती. १९३९ साली त्यांनी निकाल सांगितला. पोरांनी जेवणाच्या नावाखाली वाट्टेल ते प्रकार केले, पण वाढली ठणठणीत. एकाची हाडं मुडदुसाने मऊ होती. त्याने ताटातलं माशाच्या यकृताचं तेल आपल्या आपण प्यायलं, आणि हाडं सुधारल्यावर आपल्या आपण सोडलं. हे वाचून मी हर्षभरित झालो. मग पुढची ओळ दिसली. मांडलेले ३४ पदार्थ सगळे साधे, घरगुती. पस्तिसावा बिस्किटांचा डबा तिथे नव्हता. म्हणजे निवड मुलांची, पण बाजारहाट बाईंचा.

तरी ‘वाढा आणि सोडून द्या’ हे मला मनातून पटत नव्हतं. पटलं ते कावळ्यामुळे.

एके दुपारी तो कौलांवर येऊन बसला आणि मला वडिलांचा दहावा आठवला. खाडीकाठी पिंड ठेवलेला. कावळे माडावर ओळीने बसलेले, पण एक खाली येईल तर शपथ. आम्ही सगळे भोवती कोंडाळं करून, टक लावून. धाकट्या काकांनी हात जोडून सांगितलं, कलमं विकणार नाही. कावळा हलला नाही. थोरल्या भावाने बहिणींना सांभाळण्याचं कबूल केलं. कावळ्याने मान वळवली, एवढंच. माझ्याकडून पडवळाचं वचन घेण्यापर्यंत मजल गेली. शेवटी दर्भाचा कावळा करायची भाषा निघाली, तेव्हा गुरुजी वैतागून म्हणाले, ‘‘अहो, जरा लांब व्हा सगळे! असे डोळे वटारून बसलात तर तो येईल कसा?’’ आम्ही चार पावलं मागे झालो, कुणीतरी पावसाचा विषय काढला, आणि पाठीमागे पंख वाजले.

मी हे जेवणाच्या टेबलावर मोठ्या आनंदाने सांगितलं. ‘‘अभद्र कुठचे!’’ ही कडाडली. ‘‘नातवाच्या जेवणाला पिंडाची उपमा?’’ पण सूनबाई हसली, आणि दुसऱ्या दिवसापासून मोबाइल तांब्यापासून हटला.

नियम घालून घेतले. दूध दिवसाला दोन कप, जेवणानंतर. मधल्या वेळी बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर. सगळ्यांची पानं एकदम. त्याच्या ताटात भात-तूप ओळखीचं, आणि छोट्या वाटीत चमचाभर कुळथाची पिठी. अर्ध्या तासाने ताट उचलायचं, न बोलता. यात सगळ्यांत कठीण ते ‘न बोलता’. पहिल्या दिवशी ही वर्तमानपत्र उलटं धरून बसली होती. मी पंख्याकडे बघत पंख्याशीच बोलत होतो. नातू संशयाने एकेकाकडे पाहत राहिला, कारण त्याच्या आयुष्यात प्रथमच प्रेक्षागृह रिकामं झालं होतं.

पिठी तीन दिवस जशीच्या तशी परत गेली. चौथ्या दिवशी त्याने वाटी दूर सरकवली. म्हणजे हात तरी लावला. सहाव्या दिवशी बोट बुडवून ते टेबलाला पुसलं. सूनबाईचा धीर सुटला. मी तिला सांगितलं, नवा पदार्थ मुलाच्या गळी उतरायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर यावा लागतो, असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. आणि आपण तरी काय? काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणला, मिरची-बटाटा त्यांच्याच काळात आला. त्या वेळच्या आपल्या पूर्वजांनी ‘ई’ केलंच असेल. आज ओल्या काजूगरांच्या उसळीवरून घरात वाटण्या होतात आणि बटाटा उपासालाही चालतो. एवढ्या पिढ्यांना वेळ दिला, तर पोराला पंधरा दिवस द्यायला काय हरकत आहे?

अकराव्या दिवशी, आम्ही तिघं मिऱ्याच्या समुद्राविषयी मनापासून बोलत असताना, त्याने भाताचा घास पिठीला टेकवून तोंडात घातला. मग आणखी अर्धा. हिचे ओठ ‘शाब्बास’साठी उघडले होते, मी टेबलाखालून पाय दाबला. कौलांवर कावळा नव्हता. त्याने बहुधा दुसरं घर पाहिलं असावं.

एक मात्र हसण्यावारी नेऊ नका. आमचं प्रकरण दुधाचं आणि गर्दीचं होतं. पण वजन घटत असेल, घास घेताना ठसका लागत असेल, पातळ सोडून घट्ट गिळताच येत नसेल, खाण्याच्या भीतीने मूल रडत असेल, किंवा खाल्ले जाणारे पदार्थ महिन्यागणिक एकेक करून कमी होत चालले असतील, तर ते नखरे नव्हेत. अशा खाणं टाळण्याच्या आजाराला २०१३ पासून वैद्यकात वेगळं नावही मिळालंय. त्याच वर्षी पालघरमधून देशभर सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या आणि शाळेतल्या मुलांची तपासणी मोफत होते, आणि त्यातून उभ्या राहणाऱ्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत बालरोगतज्ज्ञ, बोलण्या-गिळण्याचे उपचार करणारे तज्ज्ञ अशी माणसं नेमण्याची सोय आहे. अंगणवाडीताईंना विचारा. मीठ-मोहऱ्या नंतर.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी मी अढी चाळत होतो. नातू शेजारी येऊन उकिडवा बसला. एक आंबा उचलला, माझं बघून देठाशी नाक लावलं, डोळे मिटले आणि परत पेंढ्यात ठेवून दिला. ‘‘हा उद्या,’’ म्हणाला.

तो उद्या काही आला नाही; सकाळची गाडी होती. हापूस त्याने अजून खाल्लेला नाही. पुढच्या मे महिन्यात बशी पुन्हा ठेवू. तेव्हा आमच्याकडे याल तर अवश्य या, फक्त एक कृपा करा. ‘‘काय रे, जेवतोस ना नीट?’’ असं त्याला विचारू नका. पावसाचा विषय काढा.