13.40 बाय 6.10

बॅडमिंटनच्या कोर्टाची लांबी 13.40 मीटर आणि रुंदी 6.10 मीटर असते. जाळी खांबापाशी 1.55 मीटर उंच. शटलला पिसं 16. हे सगळं मला दहावीपासून तोंडपाठ आहे. शारीरिक शिक्षणाच्या वहीत मी ही आकृती पट्टी लावून, दोन रंगांत काढली होती आणि 'अ' श्रेणी पटकावली होती. त्या आकृतीवर प्रत्यक्ष पाय ठेवला तो मात्र गेल्या वर्षी, वयाच्या 51व्या वर्षी.

तोही हौसेनं नव्हे. डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट दोनदा वाचला आणि विचारलं, "खेळता का काही?" मी कोर्टाची मापं सांगितली. ते म्हणाले, "ती मापं राहू द्या. मला तुमच्या कमरेचं माप कमी करायचंय."

म्हणून सकाळी सहाला महापालिकेच्या हॉलमध्ये गेलो. कोचनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मला पाचवीतल्या एका मुलीच्या हवाली केलं. ती म्हणाली, "काका, रॅकेट झाडू धरल्यासारखी नका धरू. शेकहँड करतो ना, तशी धरायची." मी विषय बदलावा म्हणून तिला जाळीची उंची सांगितली. ती म्हणाली, "बरं. आता सर्व्हिस करा." मी केली. रॅकेट बरोबर जाळीपर्यंत गेली, शटल पायाशी राहिलं. पोरगी हसली नाही, हे तिच्या आईवडिलांचे संस्कार.

आता कोणी म्हणेल, शाळेनं तुम्हाला काहीच शिकवलं नाही. हा शुद्ध कृतघ्नपणा झाला. आयुष्यभर पुरेल असा एक खेळ आमच्या शाळेनं प्रत्येकाला शिकवला: रांगेत उभं राहणं. सावधान, विश्राम, हातभर अंतर, पुढच्याच्या मानेकडे नजर. या खेळाला वयाची अट नाही आणि गुडघे गेले तरी तो खेळता येतो. रेशनच्या दुकानापुढे खेळलो, आधार कार्डासाठी खेळलो. 2016 साली नोटा बदलायला सगळा देश या खेळात उतरला, तेव्हा आमच्या पिढीची तयारी पूर्ण होती. 2020 साली सरकारनं माणसामाणसांत अंतर ठेवायला सांगितलं, तेव्हा आमचे हात आपोआप वर आले.

राहता राहिला पीटीचा तास. तो आठवड्याला दोनदा असे, 35 मिनिटांचा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की 5 ते 17 वर्षांच्या मुलामुलींनी दिवसाला सरासरी 60 मिनिटं धाप लागेल अशी हालचाल करावी. आमच्या वाट्याला आठवड्याला 70 आली होती. त्यातला एक तास गणिताचे सर 'पोर्शन राहिलाय' म्हणून घेऊन जात. दुसऱ्यात रांगेनं मैदानात जायला 5 मिनिटं, उंचीप्रमाणे उभं राहायला 5, हजेरीला 5, पांढरे बूट कोणी घातले नाहीत ते बघायला 5 आणि रांगेनं परत यायला 5. उरली 10 मिनिटं. मुलं 60, चेंडू एक. दर डोई 10 सेकंद आले. हा हिशेब मला जमतो, कारण गणिताचे तास भरपूर झाले.

त्या 10 सेकंदांवरही शाळेच्या टीमचा हक्क पहिला. कबड्डीच्या संघात 12 जण, त्यातले सात मैदानात. पीटीचे सर वर्षभर या बारा जणांना घडवायचे, कारण तालुक्याहून ढाल आणायची असे आणि मुख्याध्यापकांच्या खोलीतलं कपाट ढालींसाठीच होतं. उरलेल्या 48 जणांचं काम टाळ्या वाजवण्याचं. शाळेचा नियमच होता: जो आधीच चांगला खेळतो त्याला खेळ शिकवायचा. ज्याला येत नाही तो शिकून करणार काय? गणिताच्या तासाला हा नियम लावला असता तर मी सातवीतच सुटलो असतो.

कबड्डीबद्दल तक्रार नाही. मातीतला खेळ, अंगाला माती लागली की माणूस लाजायचा थांबतो. पण त्या बारा जणांतला आमचा सर्वांत तेज चढाईपटू आता दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून बँकेत बसतो. 'शेवटचं कधी खेळलास?' विचारलं, तर म्हणाला, "दहावीचा सेंडऑफ." त्याचंही बरोबर आहे. पन्नाशीच्या माणसाचा पाय कोणी धरलाच, तर तो आशीर्वादासाठी नाहीतर उसनवारीसाठी. पकडीसाठी सात जण जमवायचे कुठून? टाळ्या वाजवणारे आम्ही 48 आणि टाळ्या घेणारे ते 12, पस्तीस वर्षांनी सगळे एकाच डॉक्टरांच्या बाकावर बसलोय.

मुलींचं तर विचारूच नका. आमच्या हिच्या शाळेत आठवीपासून मुलींनी पीटीला पायरीवर बसून विणकाम करायचं अशी सोय होती. कोणी 'सर, मीही खेळू?' विचारलं, तर 'लंगडी घाला' असं उदार उत्तर मिळे. पोट दुखतंय म्हणून चिठ्ठी आणली की सरांचीही सुटका. हिनं एकदा चिठ्ठी न आणता उंच उडी मारून दाखवली. घरी निरोप गेला की मुलगी जरा द्वाड आहे.

मौज म्हणजे आपल्या मुलखाला या गोष्टीचं वावडं कधीच नव्हतं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत आणि संस्थानातल्या शाळांत त्यांनी ते सक्तीचे केले होते. खर्च म्हणाल तर एका सतरंजीचा. प्रा. दि. ब. देवधर पुण्याच्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवत आणि पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी रणजीच्या एकाच सामन्यात दोन्ही डावांत शतकं ठोकली. जन्म 1892, मृत्यू 1993. आजच्या स्टाफरूममध्ये पन्नाशी ओलांडलेली माणसं दुसऱ्या मजल्यावर तास लागला तर अर्ज करतात. सांगलीच्या नंदू नाटेकरांनी 1956 साली मलायात जाऊन बॅडमिंटनचं विजेतेपद आणलं. परदेशात अशी स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय. आणि बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम पुण्याच्या छावणीतल्या इंग्रजांनी केले, तेव्हा त्या खेळाला 'पूना' म्हणत. खेळ कुठलाही असो, त्याचे नियम पुण्यात व्हावेत याचं नवल निदान पुणेकराला वाटू नये. नियम आमच्याकडे राहिले, वहीत उतरवून घ्यायला. खेळ पुढे गेला.

माझ्या आजोळी तर शिकवणीची फार सोपी तऱ्हा होती. मे महिना लागला की मामा पोरांच्या पाठीला कोरडा भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधायचा आणि विहिरीत ढकलायचा. प्रमाणपत्र नाही, श्रेणी नाही, आकृती नाही. चार दिवसांनी भोपळा सुटायचा. त्या विहिरीत पडलेली माझी मावसभावंडं आज पंचावन्न-साठीची आहेत आणि अजून कुठल्याही पाण्यात निवांत तरंगतात. मी त्या सुट्टीत सातवीच्या स्कॉलरशिपची उजळणी करत काठावर बसलो होतो. स्कॉलरशिप मिळाली नाही. पोहणंही आलं नाही.

हल्ली परिस्थिती सुधारली आहे असं ऐकतो. शाळेत तास नसला तरी गल्लोगल्ली अकॅडमी आहे. आमच्या हॉलमध्येच आठ वर्षांचा एक मुलगा येतो. त्याच्या बुटांची किंमत ऐकून मी माझे बूट पिशवीत लपवले. त्याचे वडील भिंतीला टेकून मोबाइलवर त्याचं चित्रण करतात आणि घरी जाताना स्कूटरवर त्याला त्याच्या चुका सांगतात. मुलगा चांगला खेळतो, पण खेळताना त्याचं लक्ष शटलपेक्षा भिंतीकडे जास्त. मी विचारलं, "पुढे काय?" वडील म्हणाले, "नॅशनल. नाहीतर नववीत बंद. बोर्डाचं वर्ष ना." म्हणजे एकतर देशाची जर्सी, नाहीतर रॅकेट माळ्यावर. मुलगा मोठेपणी ऑफिस सुटल्यावर मित्राबरोबर अर्धा तास खेळेल आणि घरी येऊन पोटभर जेवेल, हे कुठल्याच वडिलांच्या स्वप्नात येत नाही. त्याला मार्क नाहीत. क्रीडा सवलतीचे गुण जिल्ह्यापासून पुढे खेळणाऱ्याला मिळतात, पंचाहत्तरीपर्यंत खेळणाऱ्याला मिळत नाहीत.

पंचाहत्तरीवरून अण्णा आठवले. आमच्या हॉलमध्ये येतात. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त, वय 74, कापडी बूट, हाफ पँटीत शर्ट खोचलेला. ते धावत नाहीत. कोर्टाच्या मधोमध उभे राहतात आणि मनगट हलवतात. पलीकडे मी सगळे 6.10 मीटर घाम गाळत पालथे घालतो. पहिल्या दिवशी त्यांनी मला 21–2 असं हरवलं. ते दोन गुणही त्यांना खोकला आला म्हणून.

मी विचारलं, "अण्णा, शिकलात कुठं?" ते म्हणाले, "शाळेत." मला वाटलं, थट्टा करतायत. त्यांच्या गावच्या शाळेतले एक गुरुजी दोन बांबूंना सुतळी बांधायचे, रॅकेटऐवजी लाकडी फळ्या, आणि वर्गातल्या प्रत्येकाला खेळायला लावायचे. चष्मेवाल्याला, जाड्याला, लंगडणाऱ्याला, मुलींनाही. हरलेला आधी खेळणार, कारण त्याला सरावाची जास्त गरज, असा त्यांचा कायदा. पावसात व्हरांड्यात कॅरम, उन्हाळ्यात नदी, दिवाळीनंतर टेकडी. नववीपर्यंत प्रत्येकाला निदान एक तरी असा खेळ आला पाहिजे, जो दोघांत किंवा एकट्यानं खेळता येईल, एवढाच त्यांचा अभ्यासक्रम.

"मग शाळेला ढाली खूप मिळाल्या असतील?"

"एक पण नाही," अण्णा म्हणाले. "म्हणून गुरुजींची बदली झाली." आणि त्यांनी सर्व्हिस केली.

15 जानेवारीला खाशाबा जाधवांचा जन्मदिवस असतो. हेलसिंकीचं 1952 चं कांस्यपदक आणणारे खाशाबा. आपल्याकडे तो राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. यंदा त्या दिवशी माझ्या जुन्या शाळेनं मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. विषय: 'खेळ आणि मी'. वृत्तपत्रात लिहिणाऱ्याला कुठल्याही विषयावर बोलता येतं अशी समजूत आहे. मुलं मैदानात रांगेनं बसली होती, उंचीप्रमाणे. व्यासपीठावर पाच भाषणं झाली, त्यात खेळाचं महत्त्व विशद झालं, मुलांनी सव्वा तास न हलता ते ऐकलं. माझ्या भाषणाला टाळ्या फार सफाईनं पडल्या. 48 जणांची परंपरा जपली आहे, हे पाहून ऊर भरून आला.

नंतर चहाला कार्यालयात नेलं. कोपऱ्यात तेच लोखंडी कपाट. मी म्हणालो, "जरा उघडता का?" लिपिक भाऊसाहेबांनी आधी डेडस्टॉक रजिस्टर काढलं, कारण कपाट उघडायचं तर नोंद लागते. मुलांना दिलं की मोडतं, मोडलं की निर्लेखन करावं लागतं, त्याला ठराव लागतो, ऑडिटला उत्तर लागतं. त्यापेक्षा कुलूप बरं, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. माणूस सज्जन, नोकरीची चार वर्षं उरलेली.

त्यांनी बोट फिरवत पान काढलं. मी माझा चष्मा पुसून वाचलं: बॅडमिंटन रॅकेट, नग 4, खरेदी 1989, स्थिती उत्तम. त्या वर्षी मी दहावीत होतो.

किल्ली त्याच कार्यालयात, दारामागच्या खिळ्याला आहे. शनिवारी शाळा सकाळची असते आणि साडेअकरानंतर मैदान रिकामं असतं. पालक सभेला जाल तेव्हा मार्कांचं विचारून झालं की एवढं एक विचारा: कपाट उघडता का?