चिटणिसांच्या हवाली

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १ जानेवारी २००४ पासून जारी असलेल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याने दुकाने, दवाखाने आणि धर्मादाय मंडळे यांना आपल्या अमलाखाली आणून समाधान मानले नाही; तिकडे ज्यांना स्ट्रॅटा म्हणतात, त्या सदनिकाधारकांच्या मंडळांनाही त्याने संघटनेचा दर्जा बहाल केला आणि प्रत्येक संघटनेने कायद्याच्या पालनाची जबाबदारी निदान एका व्यक्तीवर सोपवलीच पाहिजे, असे फर्मावले. हेतू उदात्त होता. परंतु इमारतीत असे बिनपगारी पद निर्माण झाले की त्यावर कोण विराजमान होतो, हे कोथरूडच्या काय किंवा बर्नाबीच्या काय, वाचकाला सांगायला नको.

तिसऱ्या मजल्यावर पाहुणे किती दिवस राहिले आणि कोणत्या मुद्रेने परतले, हे ज्या गृहस्थांना कोणत्याही दप्तरावाचून मुखोद्गत असते, तेच मंडळाचे चिटणीस आता आपल्या गोपनीयतेचे अधिकृत संरक्षक झाले. या पदासाठी कायदा परीक्षा मागत नाही. पदनाम आणि संपर्काचा पत्ता लोकांस उपलब्ध असला म्हणजे झाले. आपण रात्री किती वाजता, कोणासमवेत आत शिरलो, हे दर्शविणारे प्रवेशद्वारावरील चित्रण त्यांच्या कडीकुलपात सुरक्षित असते. हेच दृश्य त्यांनी आपल्या सज्जात उभे राहून पाहिले, तर मात्र केवळ वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी गोळा केलेल्या माहितीला कायदा लागूच होत नाही.

आता मंडळाच्या दप्तरात आपल्याविषयी काय आहे, हे पाहण्याचा हक्क आपणांस आहे. लेखी अर्ज करावा, ३० दिवसांत उत्तर यावे. त्या दिवसांत शनिवार आणि सुट्या धरत नाहीत, आणि मुदत आणखी ३० दिवस वाढविण्याची तरतूदही आहे. उलट, सदनिकांच्या मालमत्तेविषयीचा त्याच प्रांताचा दुसरा कायदा सांगतो की मंडळाकडे आलेला पत्रव्यवहार जपून ठेवावा आणि मालकाने मागितल्यास दोन आठवड्यांत दाखवावा. म्हणजे वरच्या बिऱ्हाडातील ढोलकीविरुद्ध मी तक्रार केली, तर मला माझे कागद दिसण्यापूर्वीच ढोलकीवाल्यांना माझे पत्र वाचावयास मिळावे! चिटणीस कर्तव्यदक्ष असल्यामुळे माझ्या नावावर काळी शाई फासतात. ‘माझ्या छताचा गिलावा ढासळतो’ हे वाक्य तेवढे कायम ठेवतात, आणि ढोलकीच्या थेट खाली राहणारे गृहस्थ कोण, या गूढाची उकल त्यानंतर जिन्यावरची पोरेसुद्धा करतात. पण या शाईवर तरी किती हसावे? दारावर, मोटारतळात, धुलाईच्या खोलीतसुद्धा यंत्राचा डोळा कशाला हवा, हा प्रश्न कोणीच विचारीत नाही. समंजस मनुष्याला उचित वाटेल अशाच हेतूने माहिती गोळा करावी, असे कायदा म्हणतो; पण तो समंजस मनुष्य मंडळाच्या सभेला कधी येतच नाही, आणि जे येतात ते अल्पोपाहाराच्या आशेने वाटेल त्या ठरावाला हात वर करतात. ही निव्वळ बेपर्वाई आहे.

कॅमेऱ्यांचा उपविधी पुढल्या सभेत आला, तर त्याला तीन चतुर्थांश मते लागतील. एक चतुर्थांशाहून थोडे अधिक विरोधात गेले तरी तो पडतो. कृपा करून सभेला या.