छर्रा थांबतो कुठं?

"काय वो नाना, बंदुकीची पूजा मांडलीया का काय? सकाळधरनं नुसतं पुसताय तिला."

पाटीलकाकू कढीपत्ता तोडायच्या निमित्तानं कंपाउंडशी आल्या होत्या. आमच्या तिन्ही घरांच्या भिंती जिथं मिळतात त्या कोपऱ्यात काकूंचा कढीपत्ता, माझी जास्वंद आणि नानांचं वर्कशॉप. वर्कशॉप म्हणजे पत्र्याखाली एक टेबल आणि त्यावर जखडलेला व्हाइस. शिरोली एमआयडीसीत फिटर म्हणून नानांची सगळी नोकरी गेली. आता कोल्हापुरातल्या निम्म्या एअरगन दुरुस्तीला त्यांच्या टेबलावर येतात. सध्या होती ती मात्र कोरी करकरीत. काकूंच्या नातवाची, ओंकारची. दहावी चांगल्या मार्कांनी पास झाला म्हणून मुंबईच्या मामानं दिलेली. ती आल्यापासून पाटलांच्या घरात दोन पार्ट्या पडल्यात. एकीकडं ओंकार आणि त्याचा बाप, दुसरीकडं सूनबाई. काकू कुणाच्या बाजूनं, ते रोज बदलतं.

"पूजा कसली," नाना म्हणाले, "तेल काढतोय. काल संध्याकाळी बार झाला तो ऐकलात ना?"

"ऐकला म्हंजे! पलीकडच्या वहिनी कुकर बंद करून बाहेर आल्या पळत. त्यांना वाटलं शिट्टीच उडाली."

"मला तर वाटलं, कुणीतरी लग्नाचे उरलेले फटाके काढले," मी म्हटलं.

"तो बार तेलाचा, बाई." कॉलनीत सगळे मला बाईच म्हणतात, शाळा सुटली तरी बिरुद सुटलं नाही. "ही स्प्रिंगची बंदूक. नळी खाली मोडली की आतला दट्ट्या स्प्रिंग दाबत मागं जाऊन अडकतो. चाप ओढला की तो सुसाट पुढं सुटतो आणि समोरची हवा एका झटक्यात दाबतो. दाबलेली हवा तापते, इतकी की तिथं तेल असलं तर पेटतं. डिझेल इंजिनात ठिणगीशिवाय पेट घेतो तोच प्रकार. नव्या बंदुकीत कारखान्यातलं तेल राहिलेलं असतं, त्यामुळं पहिल्या काही बारांना थोडा धूर निघतोच. पण आपल्या ओंकाररावांनी वरनं शिलाई मशीनचं तेल ओतलं. जोर वाढतो म्हणं."

"कुणी सांगितलं त्याला?"

"मोबाईलनं. दुसरं कोण सांगणार?"

नानांनी बारीक सळईला गुंडाळलेली चिंधी नळीतून काढली आणि उजेडाकडं धरली. काळपट डाग. "असे चार-दोन बार आणखी झाले असते तर आतला सील जळला असता, स्प्रिंगही तुटली असती. नव्या बंदुकीत सील प्लास्टिकचा असतो, त्याला तेल जवळजवळ लागतच नाही. माझ्या जुनीचं वेगळं. तिच्यात स्टोव्हच्या पंपाला असतो तसला चामड्याचा वायसर आहे. तो सुकला की हवा धरत नाही, म्हणून त्याला अधूनमधून एक थेंब पाजायचा. एकच."

"ती तुमची जुनी म्हंजे कंची वो? पत्र्याच्या कपाटावर असती ती?"

"तीच. आयएचपी. इंडियन ह्यूम पाईप कंपनीची."

काकूंचा हात कढीपत्त्यावर थांबला. "गटारीच्या पाइपा करणारी कंपनी बंदुका करती?"

"करायची की! आपल्या गावोगावच्या ओढ्याखालनं ज्यांच्या सिमेंटच्या नळ्या गेल्यात, तीच ही वालचंद हिराचंदांच्या घराण्याची कंपनी. मी पहिल्या बोनसात घेतली. अजून स्प्रिंग एकदाच बदललीय. का टिकली? कधी रिकामी झाडली नाही म्हणून. लोक दुकानात हातात घेतात, मोडतात आणि छर्रा न घालताच चाप ओढतात. पुढं छर्रा असला की हवेची गादी तयार होते, दट्ट्या तिच्यावर टेकतो. छर्रा नसला की हवा सरळ निघून जाते आणि दट्ट्या लोखंडावर आपटतो. आणि रात्रभर चढवून ठेवायची नाही. स्प्रिंग मरते, आणि घरात भरलेली बंदूक पडून राहते ती निराळीच."

"कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्यांनी तर म्हणे लाखाची घेतलीय," मी काडी घातली. गप्पा तेलातच अडकायला लागल्या होत्या.

नानांचे डोळे चमकले. "तो किस्सा तुम्हाला कुठपर्यंत कळलाय?"

"घेतली इथपर्यंत."

"मग पुढचं ऐका. नवी घ्यायची तर स्पर्धेची परदेशी रायफल दोन-तीन लाखांना पडते. यांना मिळाली जुनी, स्वस्तात. तिच्यात स्प्रिंग नसते. नळीखाली सिलिंडर असतो, त्यात २०० बारपर्यंत हवा कोंबायची. गाडीच्या टायरात दोन-सव्वादोन बार असते, त्यावरनं समजा. त्या सिलिंडरवर तयार केल्याची तारीख कोरलेली असते. बऱ्याच कंपन्या दहा वर्षांची मुदत देतात, नंतर तो बदलायचा. साहेबांनी रायफल बघितली, लाकूड बघितलं, दुर्बीण लावून बघितली, तारीख सोडून सगळं बघितलं. मुदत कधीच संपलेली!"

"आता गं बया!"

"हे काहीच नाही. हवा भरायचा पंप नव्हता, तर साहेब निघाले वेल्डिंगवाल्याकडं. म्हणे ऑक्सिजनची टाकी असते, त्यातनं भरून घेतो. मला फोनवर सहज म्हणाले. मी जेवत्या ताटावरनं उठलो आणि स्कूटर काढली."

"का वो? ऑक्सिजन तर हवेपेक्षा चांगला."

"श्वासाला चांगला, काकू. त्या दाबाखाली ऑक्सिजन आणि ग्रीसचा एक ठिपका भेटला की स्फोट. हात जातो, डोळा जातो. सिलिंडरात भरायची ती कोरडी, स्वच्छ, साधी हवा. ओल राहिली तरी आतनं गंज धरतो."

काकूंनी कढीपत्त्याची डहाळी पदरात टाकली आणि मुद्द्यावर आल्या. "ते जाऊ दे. आमच्या गच्चीवर सोलरच्या पत्र्याखाली कबुतरांनी नुसता उच्छाद मांडलाय. ओंक्या म्हणतोय, आज्जी, दोन दिवसात साफ करतो. करू दे का?"

नानांनी चिंधी खाली ठेवली. त्यांचा आवाज चढला नाही, पण थांबून थांबून यायला लागला. "पाखरावर धरायची नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, १९६० चा प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याच्या विरोधातला आहे. आणि कायदा राहू दे. छर्रा अर्ध्या ग्रॅमचा. पाखरू जागेवर मरत नाही, पंख मोडून चार दिवस कुठंतरी गटारीत तडफडतं. तिकडं अरुणाचलात घराघरात एअरगन होत्या, जंगलं मुकी व्हायला लागली. २०२१ मध्ये सरकारनंच मोहीम काढली, तर लोकांनी आपणहून आणून दिल्या बंदुका. कबुतरांना जाळी मारा. मी लावून देतो."

"जाळीचं पैसं?"

"मामाकडनं घ्या."

सूनबाईच्या भावाचा विषय निघाला की काकूंना हसू आवरत नाही.

मी जास्वंदीची कळी खुडत विचारलं, "पण नाना, ही लागते तरी किती लांब?"

"झालं! ज्याच्या हातात देईन तो हेच विचारतो. किती लांब जातो, किती जोरात जातो, पत्रा फुटतो का. इतक्या वर्षांत छर्रा थांबतो कुठं, हे एकानंही विचारलं नाही. वर धरून मारला तर दोन-तीनशे मीटर सहज जातो. आपली कॉलनी किती मोठी आहे, बाई?"

उत्तर द्यायची गरज नव्हती.

"त्या टाकीचं आठवतं का?" काकूंनी आवाज खाली आणला. आमच्या कॉलनीत 'ती टाकी' म्हटलं की पुरतं. एका उन्हाळ्यात, पाणी दिवसाआड असताना, वकिलांच्या गच्चीवरची काळी टाकी रात्रीतून रिकामी झाली. भोक एवढंस्सं. वकिलांनी प्लंबरला शिव्या घातल्या, प्लंबरनं टाकीच्या कंपनीला, आणि वकीलीणबाईंनी सरळ शेजाऱ्यांना.

"भोक मी मापलं होतं," नाना म्हणाले. "व्हर्नियरनं. साडेचार मिलिमीटर."

"म्हंजे तुम्हाला म्हाईत हाय कोण ते!"

"तेव्हा बारावीत होता. कागद लावला होता दोरीवर वाळत घातलेल्या चादरीला. चादरीच्या मागं काय आहे ते बघितलंच नाही."

"नाव सांगा की!"

"आता बँकेत मॅनेजर आहे, काकू. तुमचं घरकर्ज त्याच्याच सहीनं झालंय. बसा गप्प."

काकू खरंच गप्प बसल्या. दोन मिनिटं. त्यांच्या मानानं ती फार होती.

"मग ओंक्याला कुठं मारू द्यायचं? आन् लायसन लागतं का वो याला? सूनबाई म्हणती पोलीस येतील."

"साडेचार मिलिमीटरची नळी आणि २० ज्यूलपर्यंतचा जोर, यात बसली तर लागत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे तसं. वर गेली की परवाना. पण लायसन नाही म्हणून खांद्यावर टाकून रंकाळ्यावर फिरायचं नाही. बघणाऱ्याला ती बंदूकच दिसते. नेताना पिशवीत, रिकामी. आणि जोराचं काय घेऊन बसलाय? दहा मीटरच्या स्पर्धेतल्या रायफलीचा जोर जेमतेम साडेसात ज्यूल असतो. ओंकारच्या या बंदुकीपेक्षा कमी असेल. त्या कमी जोरावर अभिनव बिंद्रानं २००८ ला बीजिंगमध्ये सोनं आणलं."

"आन् आपली तेजस्विनी?"

"तिचं जगज्जेतेपद पन्नास मीटरचं, स्मॉलबोअरच्या रायफलीचं. २०१०, म्युनिक. नेमबाजीत जग जिंकणारी पहिली भारतीय बाई आपल्या कोल्हापूरची. राहीनं २०१८ ला पालेमबांगला आशियाई सोनं घेतलं ते पिस्तुलावर. कांबळवाडीचा स्वप्नील तर पॅरिसहून २०२४ ला कांस्य घेऊन आला. राधानगरी तालुक्यातलं पोर! पण हातात छर्ऱ्याची बंदूक घेऊन, दहा मीटरवर उभं राहून खरी बैठक बसते. त्या दहा मीटरच्या कार्डावर मधला दहाचा ठिपका केवढा असतो, सांगा बघू."

"चार आण्याएवढा?"

"अर्धा मिलिमीटर."

"थापा!"

"देवाशप्पथ. आणि मारणाऱ्याला तो दिसतही नाही. त्याला दिसतो फक्त बाहेरचा काळा गोल, साडेतीस मिलिमीटरचा. पुढच्या साइटच्या कडीत तो काळा गोल मधोमध बसवायचा, श्वास थोडा सोडून थांबवायचा आणि चाप असा ओढायचा की आपल्यालाच कळू नये कधी सुटला. सुटल्यावर लगेच मान वर काढायची नाही. असे साठ नेम, सव्वा तासात. एका नेमाला जास्तीत जास्त १०.९ गुण. रुद्रांक्ष पाटील, ठाण्याचा, २०२२ ला कैरोत यातच जगज्जेता झाला."

"पाटलाचंच हाय म्हणा की!" काकूंचा पक्ष बहुधा त्याच क्षणी बदलला.

"स्प्रिंगच्या बंदुकीवर तर आणखी गंमत. माणूस काय करतो? हलू नये म्हणून आवळून धरतो. आणि तिथंच चुकतो. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच दट्ट्यामुळं बंदूक मागं-पुढं हिसके देते. दर वेळी तितकीच आवळली जाईल याची खात्री कुणाला? म्हणून डाव्या तळव्यावर नुसती टेकवायची आणि तिला हवी तशी उडू द्यायची. ओंकारचा बाप परवा माझ्याकडं आला, दात-ओठ खाऊन धरली, आणि दहा मीटरवरनं कागद सोडून खालच्या विटेला मारलं."

"त्यानं घरी येऊन सांगितलं, बंदुकीतच फॉल्ट हाय."

"सगळेच सांगतात."

मग नानांनी टेबलाखालून एक चौकट ओढून काढली. जाड पत्र्याची पेटी, पुढून उघडी, आत मागचा पत्रा तिरका बसवलेला. समोरून आलेला छर्रा तिरक्या पत्र्यावर आपटून खाली वाळूत पडावा अशी. "ही ओंकारसाठी केलीय. बंदुकीचे पैसे मामानं दिले, छर्रा थांबवायची सोय मात्र कुणाच्या डोक्यात नव्हती. शिसं मऊ असतं, पण फळीवर किंवा दगडावर आपटलं की उलटून येतं. म्हणून डोळ्याला चष्मा, आणि पत्र्याच्या पुढं जुनी कापडं गच्च भरायची. जोर कापडातच मरतो. मागं माझी विटांची भिंत आहे. त्यापलीकडं ओढा. मारायचं इथंच, रविवारी, मी किंवा त्याचा बाप उभा असताना. मारून झालं की हात साबणानं धुवायचे, छर्ऱ्याचं शिसं बोटांना लागतं. धुतल्याशिवाय चहाला हात लावायचा नाही. बंदूक राहील माझ्या कपाटात, किल्ली माझ्याकडं. सहा महिने टिकला तर दुधाळीच्या रेंजवर मी स्वतः घेऊन जातो."

"आन् न्हाई टिकला तर?"

"तर बंदूक विकू. तेल काढलेली आहे, किंमत येईल."

काकूंनी भिंतीवरून वाकून पेटी नीट बघितली. आत हात घालून तिरका पत्रा ठोकून पाहिला. फाउंड्रीवाल्याची बायको ती. पत्रा किती जाड आहे हे त्यांना आवाजावरनं कळतं.

"किती कापड लागंल?"

"दोन-तीन चादरी. नाहीतर जुन्या साड्या, घट्ट घड्या करून. जाड असल्या तर उत्तम."

"जाड हाय माझ्याकडं एक," काकू म्हणाल्या. "मागच्या दिवाळीला ह्याच मामानं मला आहेर केलेली. जरीची. खेळण्याच्या बाहुलीला बी नेसवू नये असला रंग. घडी मोडली न्हाई अजून. बाई, तुम्ही काय हसताय? सूनबाईच्या कानावर जाता कामा न्हाई हां. रविवारच्या आत आणून देतो मी."