सोमवारचे बापू

कोल्हापुरात शिवाजी पेठेत गल्लीगणिक एक बापू सापडतो. पन्नाशी ओलांडलेली, एके काळी तालमीत घाम गाळलेला. जोर सुटले, खुराक राहिला. रविवारी दुपारी तांबड्या रश्श्याची तिसरी वाटी ओरपून बापू जाहीर करतात, "भावा, उद्यापासनं सगळं बंद!" उद्यापासून बंदच म्हटल्यावर आज चौथी वाटी घेणं आलंच.

सोमवारी पहाटे नवे बूट घालून रंकाळ्यावर हजर. मंगळवारीही. बुधवारी वाटेत एखादा जुना दोस्त भेटतो आणि दोघांची फेरी मिसळीच्या दुकानात पुरी होते. कट वाढवून, ब्रेड जादा. रात्री गंगावेशीत समोर धार काढलेल्या दुधाचा फेसाळ ग्लास. "दूध हाय मर्दा, दारू न्हवं."

आठवड्याच्या, वर्षाच्या सुरुवातीला माणसाला सुधारायची उबळ येते, हे हेंगचेन डाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रिस यांनी २०१४ साली आकडे मांडून दाखवलं. बापूंना त्याचं कौतुक नाही. "ह्यात नवीन काय? आमचं वर्षातनं बावन्न वेळा हुतंय."

लोक म्हणतात, बापूंचा मनावर ताबा नाही. साफ खोटं. आषाढातल्या मुसळधार पावसात, रविवारी उजाडायच्या आत मटणाच्या रांगेत पहिला नंबर कुणाचा? सुरीवरची नजर न हलवता "चाप घाल, दोन नळ्या टाक, चरबी काढू नगं" असं कोण सांगतं? शाहू स्टेडियमवरची पेठेची एक मॅच चुकलेली नाही. शिस्त भरपूर आहे; फक्त रक्तदाबाच्या वाट्याला ती येत नाही.

ते खातं वहिनींकडे. मीठ त्या मोजतात, डॉक्टरांची तारीख त्या लक्षात ठेवतात. कॅलिफोर्नियातल्या ज्या मुलांची पाहणी १९२१ साली सुरू झाली, त्यांतली नेटकी, जबाबदार मुलं पुढे जास्त जगली, असं १९९३ साली हॉवर्ड फ्रीडमन यांनी दाखवलं. हे सांगितल्यावर बापूंचा चेहरा पडला. मग मी २००९ सालचा दुसरा अभ्यास काढला: उतारवयातल्या जोडप्यांत एकाच्या नेटकेपणाचा दुसऱ्याच्या तब्येतीलाही फायदा होतो.

बापू एकदम खुलले. "बघ! म्हंजे घरात एकानं नेम पाळला की भागतंय. मी आणि कशाला मधी पडू?"

वहिनी तांब्या-भांडं घेऊन समोर उभ्याच होत्या. बापूंनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले, मान डोलावली.

"गिळली?"

"गिळली की."

"जीभ उचला बघू."