सीमाभागात आजारी कसं पडावं: नवशिक्यांसाठी

आजार निवडण्याआधी गाव निवडा. निपाणीत पडलात तर महाराष्ट्रातलं कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरवर, आणि कर्नाटकातलं आपलं जिल्ह्याचं ठिकाण बेळगाव जवळजवळ दुप्पट लांब. 1956 साली राज्यांच्या हद्दी आखल्या गेल्या तेव्हा अपेंडिक्सचा विचार कुणी केलेला दिसत नाही.

मग पिशवी जमवा. साडीच्या दुकानातली, चेनवाली. तिच्यात कन्नडमधलं बीपीएल रेशनकार्ड, आधार, शाळेचा मराठी दाखला, जुने एक्सरे आणि सगळ्याच्या चार-चार झेरॉक्स. माझ्या काकूचं नाव रेशनकार्डावर शांतव्वा आणि दाखल्यावर शांताबाई. काउंटरवर या दोन बायका झाल्या, आणि त्यातली नेमकी आजारी कोण हे ठरेपर्यंत जेवणाची सुट्टी झाली. काकू दोघींच्या वतीने बाकावर कण्हत होती.

आता सरकारी की खासगी? यावर लोकमत हवं असेल तर निपाणीच्या स्टँडवर चहा घ्या. सरकारी दवाखाने सुधारले पाहिजेत, यावर तिथं एकमत आहे. ते सुधारेपर्यंत आपण तिकडं फिरकायचं नाही, यावरही आहे. बेळगावात सरकारी म्हणजे सिव्हिल (बिम्स हे पाटीवरचं नाव), आणि मोठं खासगी म्हणजे केएलई. दोन्हीकडे गर्दी तीच, फक्त सिव्हिलला जाणारा सांगतो, ‘परवडत न्हाई हो,’ आणि खासगीत जाणारा तेच सांगतो, बिल भरून झाल्यावर.

कर्नाटकच्या आयुष्मान योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएलवाल्यांना पॅकेजच्या 30 टक्के, तेही दीड लाखाच्या आत. मात्र तातडीचं नसेल तर आधी सरकारी दवाखान्यात जायचं, आणि इथं होत नाही अशी तिथली चिठ्ठी घेऊन खासगीत. थोडक्यात, खासगी खाटेची वाट सरकारी टेबलावरून जाते. टेबलामागचा माणूस जागेवर असेल असा मुहूर्त पाहून आजारी पडावं.

खासगीला लगाम घालायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं असताना खासगी दवाखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती आणायचं ठरलं. राज्यभरातले डॉक्टर संपावर गेले, ओपीडी बंद पडल्या, आंदोलन बेळगावात येऊन थडकलं. शेवटी डॉक्टरांना तुरुंगात घालण्याचं कलम गळालं. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवायचा नाही, हे मात्र राहिलं. मेल्यावर का होईना, गिऱ्हाईक सुटतं.

थोडा सराव झाला की पुढचा धडा: दोन राज्यांचं लाडकं व्हा. 2023 मध्ये महाराष्ट्राने महात्मा फुले जनआरोग्य योजना 865 सीमागावांना लागू करायचं ठरवलं आणि 54 कोटी ठेवले. बोम्मई तेव्हा कर्नाटकचे मुख्यमंत्री. ते भडकले, हे पैसे येऊ देणार नाही म्हणाले. भाषणांत सीमावासी दोघांचाही. काउंटरवर गेलं की मात्र इकडं म्हणतात ‘तिकडं जा’, तिकडं म्हणतात ‘कार्ड इकडचं आणा’. योजनेच्या टेबलावर बसणाऱ्याला दोन्हीकडे आरोग्यमित्रच म्हणतात, एवढा समन्वय मात्र झालेला आहे. सरकारी आणि खासगीचा मेळ कसा घालावा यावर बंगळूर-मुंबईत चर्चा होत राहतात. आमच्याकडे तो मेळ पेशंटचा थोरला मुलगा घालतो, दागिने मोडून.

शेवटची खबरदारी: साथीच्या काळात आजारी पडूच नका. 2021 मध्ये हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर कोरोनाच्या आरटीपीसीआर चाचणीचा कागद दाखवल्याशिवाय इकडं शिरता येत नव्हतं, मग माणूस कोल्हापूरला डॉक्टरांकडे जाऊन घरी परतत असला तरी.

एवढं वाचूनही पडणारच असाल तर सकाळची पहिली गाडी धरा. आणि झेरॉक्स निपाणीतच काढून घ्या; दवाखान्यासमोरचा दुकानदार दुप्पट घेतो.