असं कोण करतं?

फॉर्मवर वयाचा रकाना असतो. शहाणी माणसं तिथे 34 लिहून पुढे जातात. टेस्टर आधी -1 लिहितो, मग 999, मग अक्षरी ‘चौतीस’, आणि शेवटी काहीच न लिहिता ‘सबमिट’ दाबत सुटतो. पान कोसळलं की त्याचा चेहरा असा काही फुलतो, की डेव्हलपरला ते बघवत नाही.

“अरे, पण असं कोण करतं?” हिंजवडीपासून खराडीपर्यंत हा प्रश्न रोज विचारला जातो. त्याच्या खालोखाल “माझ्या मशीनवर तर चालतंय.” त्यावर “मग क्लायंटला तुझं मशीनच पाठवू या का?” असं टेस्टरने विचारायचं नसतं. विचारतात; पण विचारायचं नसतं. टेस्टर म्हणजे वरपक्षाकडची आत्याबाईच, फक्त पगारी.

‘असं होणारच नाही’ या भरवशाची किंमत भल्याभल्यांनी मोजली आहे. 4 जून 1996 रोजी युरोपचं एरियन 5 रॉकेट फ्रेंच गयानातून पहिल्यांदा उडालं आणि सुमारे 40 सेकंदांत फुटलं. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतला कोड जुन्या एरियन 4 वरून उचललेला. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, त्यातून निघालेला आकडा 16 बिटांत मावेना, संगणकाने मान टाकली. राखीव संगणक होता की! त्यातही तोच कोड; तो क्षणभर आधीच गेला होता. कहर म्हणजे कोडच्या त्या तुकड्याचं उड्डाणानंतर काही कामच नव्हतं. आणि नव्या रॉकेटच्या मार्गाचे आकडे घालून ही यंत्रणा कुणी तपासलीच नव्हती. वयाच्या रकान्यात -1 लिहिणारा एखादा खवचट माणूस तिथे हवा होता.

2018 च्या फेब्रुवारीत तर तेलुगूतलं एक जोडाक्षर मेसेजमध्ये आलं की आयफोनवरची ॲप बंद पडायची. तेलुगू कोण लिहितं? काही कोटी माणसं.

मायक्रोसॉफ्टच्या ‘झून’ या गाणी ऐकायच्या यंत्राने मात्र मुहूर्त साधला. 31 डिसेंबर 2008, लीप वर्षाचा 366 वा दिवस. 30 जीबीचे झून त्या दिवशी गोठले. कंपनीचा उपाय: बॅटरी उतरू द्या, उद्या दुपारनंतर चालू करा. तारीख उलटली, रोग गेला. टेस्टरच्या नशिबी असा बग येऊ नये. “आता तर चालतंय” म्हणत त्याच्या डोळ्यांदेखत तिकीट बंद होतं. तो तरीही खाली लिहून ठेवणार: पुढची तपासणी 31 डिसेंबर 2012. तेवढ्यात 2011 मध्ये कंपनीने झून बनवणंच थांबवलं.