खाडीतून उरलेली बाग

आम्हा कोन गावकऱ्यांच्या डोक्यावर खाडी असते. भूगोलाच्या मास्तरांना हे वाक्य पटणार नाही, पण त्याला इलाज नाही. पलीकडे कल्याणचा दुर्गाडी किल्ला, मध्ये उल्हास नदीची खाडी. तिच्या तळाची रेती आधी डुबीवाल्यांनी बुड्या मारमारून वर काढली, मग सक्शन पंपांनी. त्या रेतीच्या भिंती झाल्या, स्लॅब झाले, खाडी आडवी होती ती उभी राहिली. आमच्या इमारतीचे मजले चढून जी रेती उरली, ती तळमजल्यापुढे पसरून तिला ‘गार्डन’ म्हणण्यात आलं. ते गार्डन माझ्या वाट्याला आलं.

रेतीचा स्वभाव विसराळू. कण मोठे, कणांमधल्या फटीही मोकळ्या. सकाळी घातलेलं पाणी दुपारी तिच्या गावीही नसतं, आणि जाताना ते खतातलं सत्त्वही सोबत घेऊन जातं. माझ्या आजीला शेवटी शेवटी जेवल्याचं आठवत नसे. ती पुन्हा पान मांडायला सांगायची आणि आई पुन्हा वाढायची. घासभरच, पण पहिल्यांदाच वाढत असल्यासारखं. रेतीचा पाहुणचारही तसाच करावा लागतो. एकदाच ढीग ओतून भागत नाही. शेणखत, पालापाचोळा, थोडी निंबोळी पेंड, असं थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. आपल्या दमट उकाड्यात सेंद्रिय खत भराभर कुजून संपतं, उरलेलं कोकणचा पाऊस धुऊन नेतो. तोच पाऊस रेतीतला खारही नेतो, म्हणून त्याच्याशी भांडताही येत नाही.

जगात नावाजलेली ट्यूलिपची शेतीसुद्धा अशाच रेतीवर उभी आहे, हे वाचून मला फार धीर आला. हॉलंडात समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांमागे, हार्लेम आणि लायडनच्या दरम्यान, ट्यूलिपची शेतं पसरली आहेत. क्लुसियस नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ 1593 मध्ये लायडनला आला आणि त्याने तिथे ट्यूलिप लावले. वाळूत कंद कुजत नाही. तिची भूक भागवायला शेणखत आहेच. म्हणजे तिथलं वैभवही शेवटी गाईंच्या कृपेवर. हे कळल्यावर ट्यूलिपचा मोह झाला खरा, पण त्याला फुलण्याआधी तीन-चार महिने कडक थंडी लागते. आमच्याकडे ती फक्त फ्रिजमध्ये मिळते, आणि तिथे शेजारी पिकता हापूस असला तर त्याच्या वायूने कंदातली कळी आतल्या आत करपते. हापूस हलवायचा की ट्यूलिप, हा प्रश्न आमच्या घरात मतदानाला टाकण्याच्याही लायकीचा नव्हता.

तेव्हा आपला वसंत आपल्या कंदांनी साजरा करावा. भुईचाफा आहे, ज्याला पानाआधी फूल येतं; चैत्र-वैशाखात उघड्या जमिनीतून पांढरं-जांभळं फूल थेट वर, देठाचीही ओळख न देता. त्यामागून आफ्रिकेतून येऊन इथलंच झालेलं मे फ्लॉवर, लाल फटाका फुटता फुटता थबकावा तसं. दोघांनाही रेतीतला निचरा हवा आणि खताचा ओलावाही हवा. म्हणून तीन घमेली रेतीला एक घमेलं खत, यापुढे मी सुधारणा करत नाही. फार सुधारलेली माती आषाढात चिखल होते. खत मात्र पूर्ण कुजलेलं हवं. ताज्या शेणाने कंदच सडतो.

ते खत मी जवळच्या तबेल्यातून आणतो. हिवाळ्यात पानं सुकून अंगण अगदी मोकळं पडतं, तेव्हाची ही खरेदी. तबेलेवाल्या भैयांना वाटे, आमची कुठेतरी मोठी शेती असणार. परवा ते स्वतः गोणी पोचवायला आले आणि त्यांनी शेत पाहिलं: दोन खाटा मावतील एवढी रेती, वर एक पान नाही. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग टेम्पोतली आणखी एक गोणी उतरवून ठेवली, आणि तिचे पैसे काही केल्या घेतले नाहीत.